रंगाआधीची अकरा वर्षं

सुमो गाडीला ज्यांचं नाव मिळालं, त्या सुमंत मूळगावकरांनी पिंपरीत पहिली गाडी निघायच्या आधी काय काय उभं केलं, त्याची ही गोष्ट.

कार मॉडिफिकेशनची रील्स बघत असाल तर हा सीन तुमच्या ओळखीचा असणार. जुन्या गाडीचं बॉनेट वर जातं आणि आत काळ्या तेलकट थराऐवजी आरशासारखा रंग चमकतो. वायरींचं जाळं नाही, नको ती भोकं नाहीत, पत्रा एकदम प्लेन. ३० सेकंदांत इंजिन बे चकाचक!

आता हेच रील घेऊन भोसरी, चिखली, मोशी किंवा चाकणच्या एखाद्या डेंटिंग-पेंटिंगवाल्याकडे जा. तो आधी हसेल. कारण रंग मारायला लागतो एखादा दिवस. पत्रा रंग मारण्यालायक करायला मात्र आठवडे जातात, आणि त्या आठवड्यांचं रील कुणी बनवत नाही.

गाडी जर जुनी टाटा सुमो असेल तर आणखी एक गंमत आहे. तिला ज्या माणसाचं नाव दिलंय, त्यांचं अख्खं करिअर याच न दिसणाऱ्या कामात गेलं. सुमंत मूळगावकर. इंग्रजी स्पेलिंगमधली नावाची पहिली दोन आणि आडनावाची पहिली दोन अक्षरं घेतली की होतं सुमो. ते ढाब्यावर ट्रकवाल्यांसोबत जेवायचे ही व्हॉट्सअ‍ॅपवरची गोष्ट तुम्ही वाचली असेल. ती इथे बाजूला ठेवू. पिंपरीत त्यांनी जे उभं केलं, ती गोष्ट जास्त भारी आहे. पण ती कळायला आधी गॅरेजमधलं काम नीट बघायला हवं.

बॉनेटखाली काय चालतं?

सुरुवात होते सोडवासोडवीने. बॅटरीची निगेटिव्ह केबल आधी, पॉझिटिव्ह नंतर. कूलंट आणि ऑइल वेगवेगळ्या डब्यांत. एसी असेल तर गॅस एसीवाल्याकडून रीतसर काढून घ्यायचा, नळी उघडून हवेत सोडायचा नाही. प्रत्येक वायरला टेपचा तुकडा, त्यावर मार्करने नंबर आणि मोबाइलमध्ये फोटो. हे केलं नाही तर महिन्याभराने गाडी जोडताना डोकं धरून बसायची वेळ येते. मग चेन पुलीने इंजिन बाहेर.

पहिली लढाई तेलाशी. सुमोसारख्या डिझेल गाडीत इतक्या वर्षांचं ऑइल, काजळी आणि धूळ मिळून पत्र्यावर जाड थर बसलेला असतो. तो न काढता थेट पॉलिश पेपर फिरवला तर तेल पत्र्यावरच्या बारीक चऱ्यांमध्ये जाऊन बसतं. रंग मारल्यावर बरोबर त्याच जागी माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे उठतात. म्हणून आधी डीग्रीझर, मग धुणं, मग पूर्ण वाळवणं आणि त्यानंतरच घासाई.

दुसरी लढाई गंजाशी. गंजावर पुट्टी थापली तर काम त्या दिवशी झकास दिसतं. पावसाळा आला की फुगे येतात आणि पुट्टी खपली धरून सुटते. त्यामुळे स्वच्छ पत्रा लागेपर्यंत खरवडायचं, सडलेला तुकडा कापायचा आणि नवा जोडायचा.

नको असलेली भोकं सीओटू वेल्डिंगने बुजवतात. इथे घाई चालत नाही. सलग टाका ओढला की पातळ पत्रा तापून वाकतो. म्हणून एक टाका इथे, एक तिथे, मधे थंड व्हायला वेळ. कुठली भोकं बुजवायची नाहीत, हेही माहीत हवं. पाण्याच्या निचऱ्याची वाट बंद केली तर पाणी आत साचून गाडी आतून सडते. इंजिन माउंटिंग, सस्पेन्शन आणि स्टिअरिंगच्या जागांना हात लावायचा नाही. अर्थिंगच्या जागी रंग जाऊ द्यायचा नाही. आणि चेसिस नंबर ग्राइंडरखाली किंवा पुट्टीखाली गेला तर आरटीओच्या लेखी गाडीची ओळखच संपली.

उघडा झालेला पत्रा रात्रभर तसाच ठेवायचा नाही, आपल्याकडच्या पावसाळ्यात तर मुळीच नाही. त्याच दिवशी एपॉक्सीचं अस्तर. त्यावर पुट्टी, तीही पातळ. ८० नंबरच्या पेपरने आकार, मग १८०, मग ३२०. पुट्टी पाणी शोषते, म्हणून ती कोरडीच घासायची. त्यावर सरफेसर. मग एक साधी पण भन्नाट युक्ती. सगळ्या पत्र्यावर काळ्या रंगाचा अगदी हलका फवारा मारायचा आणि ठोकळ्याला पेपर गुंडाळून घासायचं. उंच जागेचा काळा निघून जातो, खड्ड्यातला तसाच राहतो. डोळ्यांना न दिसलेला खड्डा असा पकडला जातो. मग ४०० आणि ६०० चा वॉटर पेपर, जोडांवर सीलंट आणि शेवटी रंग. तोही नाकावर रुमाल बांधून नाही. हार्डनर मिसळलेल्या रंगाची वाफ फुप्फुसांना त्रास देते, त्यामुळे फिल्टरचा मास्क हवाच.

मोठ्या कंपनीतही क्रम हाच असतो, फक्त हातांऐवजी टाक्या असतात. गाडीचं रिकामं धूड आधी धुतलं जातं, मग त्यावर फॉस्फेटचा थर चढतो, मग विजेच्या साहाय्याने अस्तर बसतं आणि ते भट्टीत पक्कं होतं. रंगाचा नंबर बराच नंतर लागतो. लोखंड गंजू नये म्हणून त्यावर फॉस्फेट चढवण्याचं पेटंट इंग्लंडमध्ये थॉमस कॉस्लेट यांनी १९०६ साली घेतलं. त्याच वर्षी मुंबईत सुमंत मूळगावकरांचा जन्म झाला. योगायोगच, पण लक्षात राहण्यासारखा.

सिमेंटवाला इंजिनिअर

मूळगावकर इंजिनिअरिंग शिकायला लंडनच्या इंपीरिअल कॉलेजात गेले. परत आल्यावर ते कामाला लागले सिमेंट उद्योगात. १९३६ साली देशातल्या बऱ्याच सिमेंट कंपन्या एकत्र येऊन एसीसी तयार झाली, आणि त्यांची सुरुवातीची बरीच वर्षं तिथे गेली. त्या काळी सिमेंट बनायचं भारतात, पण ते बनवणारी यंत्रं बोटीने परदेशातून यायची. एखादा महत्त्वाचा भाग मोडला की वाट बघा. महायुद्धात तर बोटींचाच भरवसा राहिला नाही. ही यंत्रं इथेच बनवण्याच्या कामात मूळगावकर पुढे होते.

पुढच्या सगळ्या आयुष्याची दिशा इथे दिसते. वस्तू बनवता आली म्हणजे झालं, असं त्यांना वाटत नव्हतं. वस्तू बनवणारं यंत्र आपल्याला बनवता येतं का, हा त्यांचा प्रश्न होता.

१९४९ साली जेआरडी टाटांनी त्यांना टेल्कोत आणलं. आजच्या टाटा मोटर्सचं तेव्हाचं हे नाव. कंपनी सुरू झाली होती १९४५ साली, जमशेदपूरला, आणि बनवत होती रेल्वेची वाफेची इंजिनं. १९५४ साली जर्मनीच्या डाइम्लर-बेंझशी १५ वर्षांचा करार झाला आणि त्याच वर्षी पहिला ट्रक बाहेर पडला. ट्रकच्या नाकावर मर्सिडीजचा तीन टोकांचा स्टार असायचा. आजोबांना विचारा, त्या ट्रकला कितीतरी जण नुसतं मर्सिडीज म्हणायचे.

करार म्हटलं की शेवटची तारीख आली. १९६९ साली तो संपणार होता. त्यानंतर डिझाइन कुठून येणार, डाय कुठून येणार, माणसं कुठून येणार? परदेशी चलनाची देशात टंचाई होती. यंत्र मागवायचं तर परवाने आणि परवानग्या. स्टार काढून तिथे टाटांचा टी लावणं सोपं होतं. प्रश्न होता तो टीच्या खालच्या पत्र्याचा.

माळरानावर आधी काय उभं राहिलं?

साठच्या दशकातलं पिंपरी-चिंचवड आजच्यासारखं नव्हतं. पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स होती, १९६२ साली एमआयडीसी स्थापन झाली होती आणि कारखाने यायला लागले होते. पण आजूबाजूला गावं, शेतं आणि उघडं माळरान. महापालिका व्हायला १९८२ साल उजाडणार होतं. इथे १९६६ साली टेल्कोचा पुणे प्रकल्प सुरू झाला. पिंपरीत साधारण ८०० एकर आणि चिंचवडमध्ये साधारण १३० एकर.

आता एक आकडा लक्षात ठेवा. या प्रकल्पातून पहिली व्यावसायिक गाडी बाहेर पडली १९७७ साली. म्हणजे ११ वर्षांनी! आज एखाद्या स्टार्टअपने गुंतवणूकदारांना सांगितलं की ११ वर्षं थांबा, मग प्रॉडक्ट दाखवतो, तर मीटिंग तिथेच संपेल.

मग ११ वर्षं चाललं काय होतं? झाडं लावली गेली, पाणी साठवलं गेलं. आज कारखान्याच्या आवारात जे हिरवं रान आणि तळं आहे त्याची सुरुवात तेव्हाची. प्रशिक्षण विभाग उभा राहिला. दहावी-आयटीआय झालेली पोरं अ‍ॅप्रेंटिस म्हणून यायची आणि फाइल धरायला, माप घ्यायला, मशिन चालवायला शिकायची. मशिन बनवणारी मशिनं तयार होऊ लागली. आणि टूलरूममध्ये डाय, जिग, फिक्श्चर घडू लागले. गाडीचा कारखाना, पण गाडी सोडून सगळं चालू.

यातलं डायचं काम आपल्या इंजिन बेच्या सगळ्यात जवळचं. बॉनेट असो की इंजिनाच्या दोन्ही बाजूंचे एप्रन, सपाट पत्र्याला आकार येतो तो प्रेसमध्ये, दोन जड पोलादी साच्यांच्या मधे दाबून. हा साचा म्हणजे डाय. डायवर एक ओरखडा राहिला तर तो एका गाडीवर उमटत नाही, त्या डायमधून निघणाऱ्या प्रत्येक गाडीवर उमटतो. गॅरेजमधल्या पेंटरची चूक एका गिऱ्हाइकाला पडते. डायवाल्याची चूक हजारोंना.

म्हणून मशिनवरून उतरलेला डाय लगेच प्रेसमध्ये जात नाही. त्यावर निळ्या रंगाचा पातळ हात देतात, दोन भाग एकमेकांवर टेकवतात आणि निळा कुठे उमटला, कुठे नाही ते बघतात. जिथे डाग दिसतो तिथे उंचवटा. तो दगडाने आणि पॉलिश पेपरने हाताने उतरवायचा, पुन्हा निळा, पुन्हा टेकवणं. आठवलं का काही? गॅरेजमधला काळा फवारा आणि टूलरूममधला निळा हात यांचं काम एकच. डोळ्यांना जे दिसत नाही ते रंगाला दाखवायला लावायचं. ही नजर महिन्याभराच्या कोर्सने येत नाही, वर्षं जातात. मूळगावकरांच्या त्या ११ वर्षांत अशी नजर असलेली माणसं तयार झाली.

यात धोका होता, हे विसरायला नको. पैसा माळरानावर ओतला जात होता आणि विकायला पुण्याची गाडी नव्हती. जमशेदपूरचे ट्रक चालले नसते तर हा सगळा डोलारा कोसळला असता. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला जेआरडींनी टेल्कोचं अध्यक्षपद मूळगावकरांकडे सोपवलं. म्हणजे उत्तरही त्यांनाच द्यायचं होतं.

परीक्षा झाली १९८६ साली

तयारी किती खरी होती ते कळलं ऐंशीच्या दशकात. सरकारने धोरण सैल केलं आणि हलक्या ट्रकच्या बाजारात एकदम चार जपानी नावं आली. टोयोटा, निस्सान, माझदा आणि मित्सुबिशी, प्रत्येकीला एकेक भारतीय भागीदार. टेल्कोकडे परदेशी भागीदार नव्हता. होती ती पिंपरीची टूलरूम, तिथली माणसं आणि स्वतःचे डिझायनर.

१९८६ साली टाटा ४०७ आली. स्वतःचं डिझाइन, इथलंच उत्पादन. आजही चाकणच्या कांदा मार्केटला जा किंवा पहाटे मोशीच्या रस्त्यावर उभे राहा, भाजी, दूध, सिमेंट, मंडपाचं सामान घेऊन जाणारी ४०७ दिसेलच. त्या चार जपानी भागीदाऱ्यांपैकी किती नावं तुमच्या पिढीला आठवतात?

४०७ नंतर १९८८ साली टाटामोबाइल हा पिकअप आला. त्याच कुटुंबातून पुढे सिएरा, इस्टेट आणि १९९४ साली सुमो. सुमो बघायला मूळगावकर नव्हते. डिसेंबर १९८८ मध्ये टेल्कोची सूत्रं रतन टाटांकडे गेली आणि १९८९ साली मूळगावकरांचं निधन झालं. १९९० साली त्यांच्या नावाला पद्मभूषण जाहीर झालं. त्यांच्या पत्नी लीला मूळगावकर यांना पद्मश्री त्याच्या कितीतरी आधी, १९६३ साली मिळाली होती, रक्तदानाच्या कामासाठी. बाटलीतलं रक्त कुणाचं हे पेशंटला कधी कळत नाही. नवरा-बायको दोघांचंही काम दर्शनी भागाच्या मागचं, असं म्हणायला हरकत नाही.

एक भेग राहिलीच

गोष्ट इथे संपवली तर ती वरून पॉलिश मारल्यासारखी होईल. मूळगावकर गेले त्याच वर्षी, सप्टेंबर १९८९ मध्ये, टेल्कोच्या हजारो कामगारांनी पुण्यात शनिवारवाड्यावर उपोषण केलं. राजन नायर त्यांचे नेते होते. पोलिसांनी रात्री कामगारांना उचललं आणि आंदोलन मोडलं. पिंपरी-चिंचवडमधल्या कितीतरी घरांत आजही ती रात्र आठवली जाते, आणि दोन भाऊ असतील तर दोघं ती वेगवेगळी सांगतात.

धुसफूस त्याआधीपासून होती. संघटना कुणाची मानायची, पगाराचा करार कुणाशी करायचा यावरून दोन्ही बाजू ताठ होत्या. मला वाटतं, या आयुष्यातून शिकायचं तर हेही त्यात धरावं लागेल. पोलादातला केसाएवढा उंचवटा शोधणाऱ्या कारखान्याला माणसांमधली भेग वेळेत भरता आली नाही. पत्र्याच्या तयारीला जेवढा वेळ दिला गेला, तेवढा बोलण्याला दिला असता तर काय झालं असतं, याचं उत्तर कुणाकडेच नाही.

आज काय उरलंय?

पुष्कळ काही. १९६९ साली ट्रकच्या नाकावरून गेलेला मर्सिडीजचा स्टार १९९५ च्या सुमाराला परत आला, तोही टेल्कोच्या पिंपरीच्याच आवारात. मर्सिडीजने भारतात कार जोडायला तिथे सुरुवात केली आणि २००९ साली ती चाकणला स्वतःच्या कारखान्यात गेली. फोक्सवॅगन, महिंद्रा आणि त्यांना सुटे भाग पुरवणाऱ्या शेकडो कंपन्या या पट्ट्यात आल्या त्याला जमीन, रस्ते, धोरण अशी अनेक कारणं आहेत. त्यातलं एक कारण म्हणजे इथे फाइल धरता येणारी, माप समजणारी माणसं आधीच होती. भोसरीतल्या वर्कशॉपमध्ये चौकशी केली तर मालक कधीकाळी टेल्कोत अ‍ॅप्रेंटिस होता असं हमखास ऐकायला मिळतं.

सुमोचं उत्पादन २०१९ साली थांबलं. आता ती जुन्या गाड्यांच्या शौकिनांच्या हातात जातेय. तुमच्यापैकी कुणी एखादी घेऊन तिचा इंजिन बे स्मूद करायला काढला असेल, तर गॅरेजवाला तीन आठवडे सांगतो म्हणून कावू नका. त्याऐवजी त्याला विचारा, तेल कशाने काढणार, अस्तर कुठलं मारणार, पुट्टी किती जाड भरणार, निचऱ्याची भोकं उघडी ठेवणार ना? रंगाचा कोड सगळ्यात शेवटी विचारा. आणि बिलात घासाईची मजुरी वेगळी लावली असेल तर त्यावर घासाघीस करू नका. तिथे जो पोरगा हातात ३२० चा पेपर घेऊन दिवसभर वाकून बसलाय, त्याच्या कामावर तुमचा रंग टिकणार आहे.

आणि जे अ‍ॅप्रेंटिसशिपच्या पहिल्या वर्षाला आहेत, ज्यांना महिनोन् महिने एकाच ठोकळ्यावर फाइल मारायला लावलंय आणि घरी विचारलं जातंय की अजून काही बनवलंस की नाही, त्यांनी १९६६ आणि १९७७ ही दोन सालं पाठ करून ठेवावीत. घरी सांगायला उपयोगी पडतील.